ऊडनाडाटा ट्रॅकवर एकटीने सायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅकवरून मी एकटीने सायकल चालवून आले, तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी बरेच जण प्रश्न विचारतात. उत्तरं तीच असली तरी घाईत एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते, आणि या रस्त्यावर ते चालण्यासारखं नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे. तुम्ही खरंच निघणार असाल तर निदान पाण्याबद्दलचं उत्तर शेवटपर्यंत वाचा.

हा रस्ता नेमका कुठे आहे आणि किती लांब आहे?

मारी या छोट्या गावापासून मार्लापर्यंत, सुमारे 620 किलोमीटर. जवळजवळ सगळा कच्चा. मारी हे ॲडलेडच्या उत्तरेला साधारण 700 किलोमीटरवर आहे, तर मार्ला स्टुअर्ट हायवेवर, म्हणजे ॲडलेड ते डार्विन या डांबरी महामार्गावर. मधे फक्त दोन वस्त्या : विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा. मारी ते विल्यम क्रीक सुमारे 200 किलोमीटर, तिथून ऊडनाडाटा पुन्हा 200, तिथून मार्ला 210. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. पण प्रत्येक टप्प्यात दुकान नाही, नळ नाही, बहुतेक ठिकाणी सावलीसुद्धा नाही.

विल्यम क्रीकला गाव म्हणताना जीभ अडखळते. एक हॉटेल, एक धावपट्टी, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी कायमची माणसं. सभोवताली ॲना क्रीक नावाचं 'स्टेशन' आहे. तिकडे स्टेशन म्हणजे गुरं पाळण्याचं रान. हे जगातलं सगळ्यात मोठं मानलं जातं, आणि एका कुटुंबाच्या किंवा कंपनीच्या ताब्यातलं हे एकच रान आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा लहान नाही.

वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्याच ना? सायकल रुतत नाही?

वाळूच्या टेकड्या आहेत, पण रस्ता बहुतेक ठिकाणी त्यांना टाळून जातो. तुम्हाला दिसतं ते मुख्यतः दगडगोट्यांचं सपाट माळरान. तांबूस-काळे, वाऱ्याने घासून चकचकीत झालेले दगड क्षितिजापर्यंत पसरलेले असतात. त्याला तिकडे 'गिबर' म्हणतात. मधेच मिठाने पांढरी झालेली खोलगट जमीन, मधेच कोरडा ओढा आणि त्याच्या काठी चार-दोन निलगिरीच्या जातीची झाडं. ओढ्याच्या पात्रात मात्र वाळू असते. तिथे उतरून सायकल ढकलायची. वीस-तीस मीटरांचा प्रश्न असतो, त्यासाठी चढलेलं राहण्याचा हट्ट करू नका.

ऑस्ट्रेलियात इतके रस्ते असताना हाच का?

कारण ही वाट पाण्याने आखलेली आहे, आणि ते मला नकाशावरसुद्धा दिसत होतं.

ऑस्ट्रेलियाच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे. विस्तार सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून जास्त. पूर्वेकडच्या डोंगरांत पडलेला पाऊस खडकांत मुरतो आणि वर्षाला जेमतेम काही मीटर या गतीने जमिनीखालून पश्चिमेकडे सरकतो. बेसिनच्या या नैर्ऋत्य काठावर जमिनीतल्या भेगांतून तो वर येतो. इथल्या काही पाण्याचं वय दहा लाख वर्षांहून जास्त मोजलं गेलं आहे. वर येताना पाणी क्षार सोबत आणतं, ते साचतात, त्यात वाऱ्याने आलेली वाळू अडकते, आणि झऱ्याभोवती हळूहळू उंचवटा तयार होतो. ओसाड माळावर एक टेकाड, त्याच्या माथ्यावर पाणी आणि पाण्याभोवती हिरवं लव्हाळं.

हे झरे एकापाठोपाठ एक रांगेत आहेत. इथले आदिवासी, अराबाना लोक, हजारो वर्षं याच रांगेने ये-जा करत होते, गेरूचा व्यापार याच वाटेने चाले. 1858 पासून जॉन मॅकड्यूअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी या भागात फिरला तो झऱ्यावरून झऱ्यावर. 1872 साली पूर्ण झालेली तारयंत्राची लाइन त्याच्याच मागोमाग गेली. मग रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, म्हणून तीही झऱ्यांच्या आणि बोअरच्याच आसऱ्याने निघाली. 1884 मध्ये मारीला पोचली, 1891 मध्ये ऊडनाडाटाला, 1929 मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला. 1980 मध्ये नवा लोहमार्ग कितीतरी पश्चिमेला झाला आणि ही लाइन बंद पडली. आज तुम्ही सायकल चालवता तेव्हा बाजूला तिचा भराव, मोडकी स्टेशनं आणि ओढ्यांवरचे पूल सोबत करतात. कर्डिमर्का आणि बेरेसफर्ड इथे उंच लोखंडी मनोरे उभे दिसतील. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराने बॉयलरमध्ये खपल्या धरायच्या, म्हणून ते पाणी आधी सौम्य करून घ्यायची ही सोय होती.

मी दुष्काळी तालुक्यात वाढले. आमच्याकडे वाड्या-वस्त्या विहिरींच्या आसपासच वाढल्या. एक अख्खी वाट, तीही चालणाऱ्याची, तारेची, रेल्वेची आणि आता मोटारींची, झऱ्यांनीच ठरवलेली पाहायला मिळेल म्हणून मी हा रस्ता निवडला.

पाणी कुठे मिळतं आणि किती न्यायचं?

झऱ्यांची एवढी वाट आहे तर पाणी मिळतच असेल, असा समज करून घेऊ नका. झऱ्यांचं पाणी खारट आणि जड असतं. ते संरक्षित आहे, अराबाना लोकांसाठी पवित्र आहे, आणि त्या एवढ्याशा डबक्यात जगात दुसरीकडे न सापडणारे जीव राहतात. झरा बघायचा असतो. बाटली तिथे भरायची नाही.

माझा हिशोब असा होता. जुलैत, दुपारी वीस-बावीस अंश तापमानात, सायकल चालवताना पिण्याला चार ते पाच लिटर आणि स्वयंपाक-चहाला दीड लिटर. म्हणजे दिवसाला सहा-साडेसहा. त्यावर एक पूर्ण दिवसाचं पाणी राखीव. या हिशोबाने प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला मी वीस लिटरहून जास्त पाणी घेतलं. वीस लिटर म्हणजे वीस किलो, आणि हे सामान, खाणं, तंबू सोडून. पहिल्या दिवशी सायकल म्हशीसारखी जड वाटते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हलकी झालेली असते आणि आता त्या हलकेपणाचीच काळजी लागते.

पाणी एकाच पिशवीत ठेवू नका. माझ्याकडे चार लिटरच्या तीन पिशव्या होत्या आणि बाकी सगळं साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत. विल्यम क्रीक सोडल्यावर दुसऱ्या दिवशी एका पिशवीचं झाकण धक्क्यांनी सैल झालं आणि पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या बॅगेच्या, तळाशी ओल दिसली. तीन लिटर गेलं होतं. चूक माझी : सकाळी झाकण पिळून पाहिलं नव्हतं. राखीव दिवस होता म्हणून निभावलं. तेव्हापासून दर थांब्याला मी आधी झाकणं तपासते आणि मग बसते.

मारी, विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा इथे पाणी भरता येतं, पण विचारून भरा. पावसाचं साठवलेलं पाणी आणि बोअरचं पाणी असे दोन वेगळे नळ असू शकतात, पिण्याचा कुठला ते कळायला हवं. तिथे तेही मोजून वापरतात. अंगावरचे कपडे धुवायला त्यांचं गोडं पाणी मागू नये. कावर्ड स्प्रिंग्जला मुक्कामाची जागा आहे, कोमट पाण्याचं डुंबायचं कुंडही आहे, पण पिण्याच्या पाण्यासाठी त्यावर विसंबू नका. अल्जेबकिनाच्या पुलाखाली नील्स नदीचा डोह असतो. मी त्यात पाय धुतले, तोंड धुतलं. पिण्याच्या हिशोबात तो धरला नव्हता.

आणि गाड्यांचं काय? हंगामात दिवसातून डझनभर तरी गाड्या भेटल्या, बहुतेक कॅराव्हॅन घेऊन देश बघायला निघालेली निवृत्त जोडपी. जवळजवळ प्रत्येक गाडी वेग कमी करते, काच खाली होते आणि पहिला प्रश्न येतो, "पाणी आहे ना?" दोन वेळा मी हो म्हटलं तरी त्यांनी बाटली हातात दिलीच. एका आजींनी संत्रंही दिलं. ते मी रस्त्यातच सायकलला टेकून, सालीचा वास घेत घेत खाल्लं. पण पाऊस पडून रस्ता बंद झाला तर एकही गाडी येत नाही. म्हणून हिशोब आपल्या पाण्यावर करा, आणि मिळेल ते त्याच्या वरचं समजा.

कधी जावं?

मे अखेर ते ऑगस्ट. तिकडे तेव्हा हिवाळा असतो. ऊडनाडाटाला जानेवारीत सरासरी कमाल तापमान 38 अंशांच्या आसपास असतं आणि 2 जानेवारी 1960 रोजी तिथे 50.7 अंश नोंदलं गेलं. हा देशातला सर्वोच्च आकडा आहे, 2022 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑन्स्लो गावाने त्याची बरोबरी केली. उन्हाळ्यात सायकलवर जाऊ नका. यावर चर्चेला जागा नाही.

हिवाळी रात्री मात्र चांगल्या गार असतात. दोनदा पहाटे तंबूवर दहिवर गोठलेलं होतं. बाटली पायाशी घेऊन झोपावं, म्हणजे सकाळी चहाचं पाणी पातळ राहतं.

कुठल्या दिशेने जावं?

मी मारीहून मार्लाकडे, म्हणजे वायव्येला गेले. हिवाळ्यात आग्नेयेकडून वाहणारा वारा बऱ्याच दिवशी पाठीशी राहतो. पण दक्षिणेकडून थंड हवेची लाट येण्याआधी वारा उलटतो आणि वायव्येकडून जोरात सुटतो. माझा एक अख्खा दिवस तसा गेला : नऊ तासांत 48 किलोमीटर.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लक्षात येत नाही. तिकडे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. वायव्येला जाताना दुपारभर ऊन तोंडावर आणि उजव्या गालावर येतं. टोपीची झडप आणि नाकावरचं मलम त्या हिशोबाने. पहिले दोन दिवस माझा दिशांचा अंदाज सारखा चुकत होता. अंगात मुरलेलं असतं ना, सूर्य दक्षिणेकडे झुकतो म्हणून.

किती दिवस लागले?

बारा. सायकल चालवली नऊ दिवस, विल्यम क्रीकला एक दिवस विश्रांती, ऊडनाडाटाला दोन दिवस पावसामुळे अडकले. दिवसाला सरासरी 70 किलोमीटर. डांबरी रस्त्यावर मी सामानासह सहज शंभर करते. इथे सत्तर झाले की संध्याकाळी तंबूच्या खुंट्या ठोकायचंही जिवावर येत होतं.

सायकल कुठली लागते? महागडीच हवी का?

महाग नको, दणकट हवी. माझी स्टीलच्या सांगाड्याची, 26 इंची चाकांची जुनी सायकल आहे. सस्पेन्शन नाही. टायर 2.25 इंच रुंद, हवा कमी ठेवलेली. दोन इंचांहून बारीक टायर घेऊन जाऊ नका.

खरा शत्रू आहे रस्त्यावरच्या आडव्या लहरी. गाड्यांच्या चाकांनी रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो, किलोमीटरच्या किलोमीटर. मनगटं सुन्न होतात, दात वाजतात, आणि जे जे स्क्रूने बसवलेलं आहे ते ते सुटायला लागतं. कॅरिअरचे स्क्रू मी दर संध्याकाळी पान्याने आवळत असे. तरी एक तुटलाच, आणि जाडसर तारेने बांधून मार्लापर्यंत आणला. रस्त्याच्या अगदी कडेला, जिथे गाड्या जात नाहीत, तिथे बोटभर गुळगुळीत पट्टा सापडतो. दिवसभर तो शोधत राहायचं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. समोरून-मागून काही येत नाही ना, ते बघून.

मडगार्ड काढून ठेवा. का ते पावसाच्या उत्तरात येईल.

पंक्चर किती झाली?

दोन. दोन्ही काट्यांनी, तंबूची जागा शोधायला रस्ता सोडला तेव्हा. सायकल उचलून न्यायला हवी होती. सोबत तीन ट्यूब, ठिगळं, एक घडीचा जादा टायर, सहा स्पोक, चेनचे दुवे आणि गिअर-ब्रेकच्या वायरी होत्या. सायकलचं दुकान वाटेत एकही नाही.

रस्त्यात पाऊस आला तर?

ऊडनाडाटाला वर्षभरात जेमतेम 175 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जुलैत एखाद्या दिवशी इतका होऊन जातो. पण तिथे दहा मिलिमीटरही पुरतात. माती चिकण आहे. भिजली की ती चाकाला, ब्रेकला, चेनला लिंपल्यासारखी बसते. मडगार्ड असतील तर त्यांच्यात चिखल ठासून भरतो आणि चाक फिरणं थांबतं. ढकलतासुद्धा येत नाही.

अशा वेळी सरकार रस्ता बंद करतं. वस्त्यांजवळ मोठ्या फलकांवर कुठला टप्पा उघडा, कुठला बंद ते लिहिलेलं असतं. बंद रस्त्यावर गेलात तर दंड आहे, आणि तो योग्यच आहे. ओल्या रस्त्यात पडलेली चाकोरी वाळली की महिनोन्महिने राहते. ऊडनाडाटाला मी दोन दिवस त्या फलकासमोर ये-जा करत काढले. तुम्ही परतीचं तिकीट काढताना निदान चार दिवस मोकळे ठेवा. मी तीन ठेवले होते. शेवटी तेवढे पुरले, पण त्या दोन दिवसांत झोप लागली नाही.

खाण्याचं काय केलं?

पोहे, रवा, मूगडाळ-तांदूळ, दाण्याचं कूट, खजूर, दूध पावडर, चहा. हे सगळं ॲडलेडच्या भारतीय दुकानांत मिळालं. भारतातून नेलं ते मेतकूट आणि घरचा गोडा मसाला. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ फॉर्मवर लिहा. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, माझी मेथीदाण्यांची पुडी घेतली. लपवलं तर मोठा दंड होतो. सायकलचे टायर आणि बुटांचे तळवेही इथूनच ब्रशने घासून न्या. मातीचा कण दिसलेला त्यांना चालत नाही.

संध्याकाळचं जेवण ठरलेलं : डाळ-तांदळाची खिचडी, वर मेतकूट. एक भांडं, कमी पाणी, कमी गॅस. भांडं धुतलेलं पाणी मी पिऊन टाकत असे. ऊडनाडाटाच्या गुलाबी रंगाच्या रोडहाऊसमध्ये (पेट्रोल पंप, दुकान आणि खाणावळ एकत्र) सामान मिळतं, पण शेकडो किलोमीटरवरून ट्रकने येतं म्हणून महाग असतं.

रात्री कुठे झोपलात? परवानगी लागते का?

पाच रात्री उघड्या रानात, बाकी वस्त्यांवर आणि कावर्ड स्प्रिंग्जला. हा सगळा गुरांच्या रानांचा प्रदेश आहे. गुरांच्या पाणवठ्यापासून निदान अर्धा किलोमीटर लांब आणि घरा-गोठ्यांपासून त्याहून लांब तंबू लावायचा, नाहीतर बुजलेली गुरं पाण्यावर येत नाहीत. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नका. वरच्या अंगाला कुठे पाऊस झाला ते तुम्हाला कळत नाही.

अल्जेबकिनाची रात्र मला सगळ्यात जवळची. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला, 578 मीटर लांबीचा लोखंडी पूल, वर आता रूळही नाहीत. वारा पडला होता. आपल्याकडे वृश्चिक रास दक्षिणेकडे झुकलेली बघायची सवय. तिथे ज्येष्ठेचा तांबडा तारा बरोबर डोक्यावर, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात क्षितिजालगत दिसतो न दिसतो तो त्रिशंकू चांगला वर चढून आलेला. चंद्रावरचा ससा उलटा दिसतो. आईने दाखवलेला तो ससा ओळखायला मला बराच वेळ लागला.

एकट्या बाईला भीती नाही वाटली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून नीट सांगते. माणसांची भीती वाटली नाही. रानात तंबू लावताना एक नियम पाळला : गाडी दिसत असेल तर रस्ता सोडायचा नाही. कोणी बघत नाही याची खात्री झाली की मगच आत वळायचं, आणि रस्त्यावरून दिवा दिसणार नाही अशा जागी थांबायचं. 'आज कुठे मुक्काम?' असं कोणी विचारलं तर ठिकाण सांगितलं नाही. मी भेटले ते सगळे चांगले होते. नियम तरीही मोडला नाही.

भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तिसऱ्या दिवशी दुपारी थांबले, तर कुठलाच आवाज नव्हता. पक्षी नाही, पान नाही, वारा नाही. कानात स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येत होतं. मी मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागले. म्हणता म्हणता घरातली संध्याकाळ आठवली, आणि मग शांततेचं दडपण गेलं. पुढे पुढे मी त्या शांततेसाठी मुद्दाम थांबत असे.

साप, डिंगो, माश्या?

हिवाळ्यात साप सुस्त असतात, मला एकही दिसला नाही. तरी बूट झटकून घालावेत. डिंगो म्हणजे तिकडचे रानकुत्रे. मारीच्या पश्चिमेला रस्ता त्यांच्यासाठीचं कुंपण ओलांडतो. सुमारे 5,600 किलोमीटर लांबीचं हे कुंपण दक्षिणेकडच्या मेंढ्यांना वाचवायला घातलेलं आहे. तुम्ही पलीकडच्या, डिंगोंच्या बाजूला असता. रात्री त्यांचं ओरडणं ऐकू आलं. खाणं तंबूबाहेर ठेवू नका. माश्यांसाठी तोंडावरून घ्यायची जाळी हवीच. ऊबदार दिवशी त्या डोळ्यांतच शिरतात.

मोबाइल चालतो का? अपघात झाला तर?

गावं सोडली की रेंज नाही. म्हणून आपत्कालीन बीकन अत्यावश्यक. 406 मेगाहर्ट्झवर चालणारं हे हातात मावणारं यंत्र तुमची जागा उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला कळवतं. ते ऑस्ट्रेलियात विकत किंवा भाड्याने मिळतं. त्यावर आपलं नाव आणि प्रवासाचा आराखडा नोंदवलेला आहे ना, ते बघून घ्या. पॅनिअरमध्ये नको, अंगावर बाळगा. पडलात आणि सायकल दहा मीटरवर राहिली तर काय उपयोग?

वैद्यकीय मदत विमानाने येते. 1928 साली सुरू झालेली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवा या भागाचा आधार आहे. शिवाय मी रोज ठरलेल्या वेळी उपग्रह संदेशयंत्रावरून भावाला एक ओळ पाठवत असे. चोवीस तास ओळ आली नाही तर कुणाला फोन करायचा, ते त्याच्याकडे कागदावर लिहून ठेवलं होतं.

रोडट्रेन म्हणजे काय? भेटतात का?

एका ट्रकला मागे दोन-तीन डबे जोडलेले. लांबी 53 मीटरपर्यंत. गुरं वाहून नेतात. धुळीचा ढग आधी दिसतो, मग आवाज. तो वळू शकत नाही आणि पटकन थांबूही शकत नाही. तेव्हा आपण रस्ता सोडून पूर्ण खाली उतरायचं, तोंडावर कापड घ्यायचं आणि धूळ बसेपर्यंत परत चढायचं नाही. मागून दुसरा असू शकतो.

या रस्त्याचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो मला मारीत पोचेपर्यंत नीट माहीत नव्हता. रेल्वेच्या आधी, आणि नंतरही रेल्वे जिथे पोचत नव्हती तिथे, सगळा माल उंटांवरून जायचा. उंट आणि उंटवाले समुद्रापलीकडून आले. 1866 च्या सुमारास शंभराहून जास्त उंट आणि 31 माणसं कराचीहून जहाजाने पोर्ट ऑगस्टाला उतरली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ही माणसं सिंधी, बलुची, पंजाबी, पठाण अशी नाना ठिकाणची, पण गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं : अफगाण. त्यावरूनच या लाइनवरच्या गाडीचं नाव पडलं, 'घान'.

मारी हे त्यांचं मोठं ठाणं होतं. गावाच्या मधून रूळ जात, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येण्यापासून रोखणाऱ्या 1901 च्या कायद्यानंतर त्यांना मायदेशी जाऊन परत येणं अवघड झालं. बायका-मुलांना आणणं तर दूरच. पुढे मोटारी आल्या आणि उंटांचं कामच गेलं. मारीत त्यांच्या जुन्या मशिदीची कुडाची प्रतिकृती उभी आहे. खजुराची झाडं अजून आहेत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे बराच वेळ बसले होते. त्यांनी याच वाटेने पिठाची पोती, तारेचे खांब, रुळांचे स्लीपर वाहून नेले. त्यांतल्या किती जणांची नावं आज कुणाला सांगता येतील?

वाटेत बघण्यासारखं काय?

मारीपासून 35 किलोमीटरवर रानात शेपटीवर उभी केलेली दोन विमानं, कुणा कलाकाराची हौस. नव्वदाव्या किलोमीटरच्या आसपास काटी थांडा – लेक आयर या खाऱ्या तलावाच्या दक्षिण भागाचा देखावा. हा ऑस्ट्रेलियातला सगळ्यात सखल भाग, समुद्रसपाटीच्या सुमारे 15 मीटर खाली. मी गेले तेव्हा नुसतं मीठ होतं, डोळे दिपवणारं. पात्रात उतरू नका अशी अराबाना लोकांची विनंती आहे. मी काठावरूनच पाहिलं.

कावर्ड स्प्रिंग्जच्या अलीकडे आत वळून 'बबलर' आणि 'ब्लँच कप' हे दोन झरे नक्की बघा. बबलरच्या तळाची वाळू सारखी उकळल्यासारखी वर येते, मधेच मोठा फुगा फुटतो. अराबाना कथेत ती मारल्या गेलेल्या प्रचंड सापाची तडफड आहे. मी तासभर कठड्याला टेकून बघत राहिले. लाखो वर्षं अंधारात असलेलं पाणी नेमकं त्या क्षणी उजेडात येत होतं.

तयारी महाराष्ट्रात कुठे करता येईल?

मी माण-खटावच्या कच्च्या रस्त्यांवर केली, मार्चमध्ये, पाण्याचे वीस लिटर लादून. म्हसवडच्या बाजूला उघडं माळरान आणि वारा दोन्ही मिळतात. वेगाचा सराव नको. भरलेली सायकल सलग तीन दिवस चालवा, दोन रात्री तंबूत झोपा आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलवर बसावंसं वाटतं का ते बघा.

खर्च, व्हिसा, विमान?

मोठा खर्च विमानाचा आणि सायकलच्या खोक्याचा. रस्त्यावर पैसे खर्च करायला जागाच नसते. पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो, घाईवर ठेवू नका. दक्षिण ऑस्ट्रेलियात हेल्मेट सक्तीचं आहे. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तिकडे घ्या. मार्लाहून ॲडलेडकडे बस मिळते, पण सायकल खोक्यात लागते आणि मार्लात खोकं मिळेलच असं नाही. मी आधी फोन करून विचारलं होतं. रोडहाऊसवाल्यांनी फ्रिजचं एक मोठं खोकं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

परत जाणार का?

हो, काटी थांडात पाणी असताना. क्वीन्सलँडमध्ये मोठा पाऊस झाला तर ते पाणी कोरड्या नद्यांतून आठवडेच्या आठवडे सरकत या तलावात येतं. मग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत पेलिकन येऊन घरटी करतात. तलाव पूर्ण भरणं शतकात मोजक्या वेळाच घडतं. नोंदींमधला सगळ्यात मोठा पूर 1974 चा. अशा वर्षी रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, त्यामुळे तिकीट शेवटच्या क्षणी काढावं लागेल. पाण्याच्या तीनही पिशव्या मी धुऊन, वाळवून, झाकणं उघडी ठेवून कपाटात ठेवल्या आहेत. सैल झालेल्या झाकणाला नवं वायसर बसवलं आहे.